न केलेल्या गोष्टीचा पुरावा

माझा मामा इंग्लंडात स्विंडनला असतो. गेल्या वर्षी त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून आईने एकच ध्यास घेतला, दादाला एकदा बघून यायचं. आई ७३ वर्षांची. पेडण्याच्या आमच्या घरावरून मोपाची विमानं दिवसभर जातात, पण तिच्या नावे पासपोर्ट नाही. आजवर कधी लागलाच नव्हता. माझा भाऊ तारवटी, म्हणजे खलाशी, वर्षातले बरेच महिने बोटीवर. त्यामुळे आईचा पासपोर्ट काढायचं काम माझ्याकडे आलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. फॉर्म भरायचा, पैसे भरायचे, तारीख घ्यायची. पण आईचा जन्म १९५२ चा आणि जन्मगाव डिचोली तालुक्यातलं. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे पोर्तुगिजांपासून मुक्तीच्या दिवसाच्या, आधी जन्मलेल्या माणसाला आपण भारतीय आहोत हे दाखवायला निघालं की वाट जरा वेगळ्या वळणाने जाते. त्या वाटेवर मला जे कळलं ते माझ्या पिढीतल्या पुष्कळ गोवेकरांनाही माहीत नाही, असं पुढे चारचौघांशी बोलताना लक्षात आलं.

सुरुवात एजंटाकडूनच झाली. आमच्या ओळखीचा, चांगला माणूस. ऑनलाइन फॉर्म भरून देतो म्हणून त्याच्याकडे कागद घेऊन गेले. त्याने आईच्या आधारवरची जन्मतारीख बघितली आणि मान वर करून म्हणाला, "बाय, आवयचो जल्म एकसश्टा पयलींचो मगे? मागीर लिस्बनाक नोंद करूंया. व्हिसाची कटकटच ना."

तो काही आडमार्गाचं सांगत नव्हता. पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्याला आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि त्याच्या पुढच्या दोन पिढ्यांनाही ती वाट मोकळी आहे. माझ्या मामाने तेच केलं. त्याचे खनिज वाहणारे दोन टिप्पर होते. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि डिचोली-सत्तरीतल्या कित्येक घरांसारखे मामाचे टिप्पर अंगणात उभे राहिले ते तिथेच गंजले. बँकेचे हप्ते चालूच होते. मुलगा तिशीत आलेला. मामाने आधी आपली नोंद केली, त्याच्या आधारे मुलाची झाली, आणि मुलगा तेव्हाच्या युरोपीय नियमांप्रमाणे इंग्लंडात कामाला गेला. ब्रेक्झिट व्हायचं होतं. नंतर मामा-मामीही गेले. या निर्णयाबद्दल मामाला कोणी बोललेलं मी ऐकून घेत नाही. घर वाचवायला माणूस जे करतो ते त्याने केलं.

पण आईला विचारल्याशिवाय तिचं नागरिकत्व मी ठरवणार नव्हते. घरी आल्यावर एजंट काय म्हणाला ते तिला सगळं समजावून सांगितलं. व्हिसाची रांग नाही, शिवाय परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड घेतलं की गोव्यात राहायलाही अडचण नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मागीर म्हजें मत?"

मत जाणार, हे खरं होतं. नागरिकत्व कायदा १९५५ चा आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय माणसाने आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. कुणी रद्द करायची, नोटीस काढायची गरज लागत नाही. ओसीआय कार्डाला बोलीभाषेत लोक दुहेरी नागरिकत्व म्हणतात, पण तो आजन्म व्हिसा आहे. त्यावर मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आईने १९७७ पासून एकही निवडणूक चुकवलेली नाही, पंचायतीची धरून. पावसात छत्री धरून तिला मतदान केंद्रावर नेल्याचं मला आठवतं. तिचं उत्तर तिथेच झालं होतं.

मग मी त्या प्रश्नाच्या मुळाशी गेले. आई भारतीय कधी झाली, आणि कशी?

कायद्यात भारतीय होण्याच्या पाच वाटा आहेत. जन्माने, वंशाने, नोंदणीने, देशीकरणाने, आणि पाचवी, कलम ७ ची, जिची कुणाला फारशी आठवण नसते: एखादा प्रदेशच भारतात सामील झाला तर तिथल्या कोणत्या लोकांना नागरिक मानायचं ते केंद्र सरकार आदेश काढून ठरवतं. दादरा-नगर हवेली, पाँडिचेरी, पुढे १९७५ मध्ये सिक्कीम, या सगळ्यांसाठी असे आदेश निघाले. आमचा आदेश २८ मार्च १९६२ चा. गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश. अगदी छोटा आहे. ज्याचा स्वतःचा, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात झाला, तो त्या दिवशी भारताचा नागरिक झाला असं मानावं, इतकंच त्यात म्हटलंय.

त्याला एक परंतुक जोडलेलं आहे, आणि सगळी गोम तिथे आहे. आदेश राजपत्रात आल्यापासून एका महिन्याच्या आत ज्याने प्रशासकाकडे लेखी दिलं की मला माझं पूर्वीचंच नागरिकत्व ठेवायचं आहे, त्याला हा आदेश लागू नाही.

असं लेखी देणारे लोक खरोखर होते. मोंतेरो नावाच्या एका पाद्र्यांनी पोर्तुगीज राहणं निवडलं होतं. त्यांना परदेशी म्हणून नोंद करून राहण्याचा परवाना मिळाला. त्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली, ते गोव्यातच राहिले, खटला झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध. जन्म गोव्यातला, हयात गोव्यात गेलेली, तरी ते परदेशी ठरले, कारण त्या महिन्यात त्यांनी एक कागद दिला होता.

माझ्या आजोबांनी तो कागद दिला नाही. आई तेव्हा नऊ वर्षांची, तिचा प्रश्नच नव्हता. म्हणजे आमच्या घरातलं भारतीयत्व एका न दिलेल्या अर्जावर उभं आहे. आणि २०२५ मध्ये आईला आणखी एक गोष्ट दाखवायची होती, की त्यानंतरही तिने लिस्बनला कधी नोंद केलेली नाही. केलेल्या गोष्टीचा दाखला मिळतो. न केलेल्या गोष्टीचा दाखला कुठल्या खिडकीवर मागायचा?

फॉर्म मी स्वतःच भरायला बसले. साठ वर्षांवरच्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सूट असते, पंधराशेऐवजी १,३५० रुपये. फॉर्ममध्ये भारतीय नागरिकत्व कशाने मिळालं ते यादीतून निवडायचं असतं. जन्म होता, वंश होता, नोंदणी-देशीकरण होतं. आमचं कलम ७ मला त्या यादीत दिसलं नाही. मदत क्रमांकावर फोन केला, तिकडून 'जन्म' निवडा असं सांगितलं. निवडलं खरं, पण मला ते खटकलं. आई जन्मली ती जागा तेव्हा भारतात नव्हती. लाखो गोवेकरांची हीच स्थिती असताना यादीत एक ओळ वाढवायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

कागद काय काय जोडायचे? जन्मतारखेच्या पुराव्यासाठी आज पॅनसारखे दुसरे कागदही चालतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांनाच जन्मदाखल्याची सक्ती आहे. शेजारचे काका म्हणालेही, "आधार आहे ना, झालं." पण आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे आधारच्या कायद्यातच, कलम ९ मध्ये, स्पष्ट लिहिलेलं आहे. इथे वर्षातले १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन अर्जावर सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हातात आहे एवढ्याने कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. आणि जन्मस्थान डिचोली, साल १९५२ हे वाचल्यावर समोरचा अधिकारी पुढचा प्रश्न विचारणार, हे मला दिसत होतं. म्हणून मूळ जन्मनोंदच काढायचं ठरवलं.

डिचोलीच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही दोघी गेलो. आईला घरीच ठेवणार होते, पण तिला ते पुस्तक बघायचं होतं. अर्ज दिला, साल सांगितलं, अंदाजे महिना सांगितला. घरी जो वाढदिवस धरतात तो पंचांगातल्या तिथीवरून काढलेला, त्यामुळे तारखेची खात्री नव्हती. कारकून बाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने दोन्ही हातांत धरून एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. कापडी बांधणी, कोपरे झिजलेले, पानं चहाच्या रंगाची. छापील नमुन्यावर काळ्या-निळ्या शाईचं तिरकं, लांब शेपट्यांचं अक्षर. पोर्तुगीज नोंदीत तारीख आकड्यांत नसते, शब्दांत असते. बाईंनी बोट ठेवून वाचून दाखवलं, मिल नोवेसेंतुश ई सिंक्वेंता ई दोइश, एकोणीसशे बावन्न. मुलीचं नाव, औरस कन्या अशी नोंद, वडिलांचं नाव, आईचं नाव, मग दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं. आजोबांच्या नावातला 'श' त्या लेखनिकाने 'एक्स' अक्षराने लिहिलेला, आणि आडनावात आज जिथे आम्ही 'के' लिहितो तिथे 'सी'. खाली दोन साक्षीदार. आणि तळाशी माझ्या आजोबांची सही, मोडीवळणाच्या देवनागरीत.

आईने ती सही बघितली आणि तिथल्या बाकावर जाऊन बसली. तिच्या वडिलांचं हस्ताक्षर आमच्या घरात कुठेच नाही.

त्या पानाच्या डाव्या बाजूला एक रुंद समास असतो. माणसाच्या आयुष्यात पुढे जे घडतं, लग्न, नावात बदल, ते त्या समासात टिपून ठेवायची पोर्तुगीज पद्धत. गोव्यात आजही लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारपुढे सक्तीची आहे. आईच्या समासात १९७३ च्या लग्नाची टीप होती. बाकी समास कोरा. मला क्षणभर वाटलं, हाच आपला पुरावा. बाईंना विचारलं, यांनी लिस्बनला नोंद केली असती तर इथे लिहिलं असतं का? त्या म्हणाल्या, "ना. ती थंयच्या पुस्तकांत जाता. हांगा कांयच येना." इथली प्रमाणित नक्कल घेऊन तिकडे नवी नोंद होते, इकडच्या पानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

नक्कल हाती आली आणि नावांचा घोळ सुरू झाला. नोंदीत आईचं माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं, आमच्याकडे तशी रीत होती. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव पण आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. आधारवर सासरचं नाव. शाळेचा दाखला ही वेगळीच कथा आहे. आई आधी गावच्या मराठी शाळेत जायची, देवळाच्या मंडपात भरणाऱ्या. गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेली ती शाळा, तिची कागदपत्रं कुणाकडेच नाहीत. मुक्तीनंतर सरकारी प्राथमिक शाळा निघाली, तिच्या दप्तरात मात्र आईचं नाव सापडलं. त्या मुख्याध्यापिकेचे आभार मानावे तेवढे थोडे. साठ वर्षांपूर्वीची प्रवेश नोंदवही त्यांनी पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून जपली होती. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' लिहिलेलं. १९६२ च्या जूनमध्ये शाळेत घातलेल्या त्या मुलीला भारतीय होऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

ही सगळी नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे करावं लागलं. गोव्यात याला सगळे 'वन अँड सेम' म्हणतात. नोटरीकडे गेलं की तो विचारतोच, "वन अँड सेम व्हय?" इतकं ते नेहमीचं.

पणजीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन मिळतं आणि ए, बी, सी अशा तीन टप्प्यांतून जावं लागतं. ए खिडकीवर फोटो, बोटांचे ठसे, कागद स्कॅन. आईचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासलेली, शेतात राबलेली बोटं. तिथल्या मुलीने ओला कपडा आणून एकेक बोट पुसलं आणि धीराने ठसे घेतले. बी खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी नक्कल बघितली, मग आईकडे बघितलं आणि मला जी अपेक्षा होती तो प्रश्न सरळ तिलाच विचारला: तुम्ही पोर्तुगालला जन्मनोंद केली आहे का? तुमच्या घरात कुणी केली आहे का?

आई म्हणाली, माझ्या भावाने केली आहे, मी नाही.

ती भावाचं सांगेल असं मला वाटलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांग, असं मी तिला गाडीत म्हटलंही होतं. पण खोटं किंवा अर्धवट बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि सांगितलं की मग एक प्रतिज्ञापत्र द्या: आपण कोणत्याही परदेशाचं नागरिकत्व घेतलेलं नाही, पोर्तुगालमध्ये जन्मनोंद केलेली नाही, तिथलं ओळखपत्र वा पासपोर्ट आपल्याकडे नाही. फाइल तोवर थांबली. त्यांचं वागणं रीतसर होतं. गोव्यात अशी प्रकरणं इतकी झालीत, काही आमदारांविरुद्धही याच मुद्द्यावर अर्ज झाले होते, की विचारणं त्यांचं कामच आहे.

पण त्या रात्री मला झोप आली नाही. मामाची नोंद झाली तेव्हा त्याच्या एजंटाने घरातल्या सगळ्यांचेच कागद मागितले होते, हे मला अंधुक आठवत होतं. आजोबा-आजीच्या लग्नाची नोंद, भावंडांच्या नकला. एकदम सगळ्यांचं करून टाकू, स्वस्तात पडेल, अशी ती भाषा. असं आपल्या नकळत नाव तिकडे गेलेले लोक गोव्यात आहेत. त्यांतल्या कित्येकांचं म्हणणं हेच असतं की आम्ही फक्त जन्म नोंदवला, नागरिकत्व घेतलं नाही. कायदा ते कसं बघेल हे ठरवायचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि ते ठरेपर्यंत माणूस अधांतरी. आईने शपथेवर 'नाही' म्हणायचं आणि लिस्बनच्या पुस्तकात तिचं नाव निघायचं, असं झालं तर?

सकाळी मामाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, एजंटाने तुझ्या आईची नक्कल मागितली होती, मी दिली नाही. "तिची सही नाशिल्ली. हांव कसो दितलों?" तिची सही नव्हती, मी कसा देणार? मग मामेभावाने त्यांची सगळी फाइल शोधून काढली, लिस्बनला काय काय पाठवलं त्याच्या यादीसकट, आणि पानापानाचे फोटो पाठवले. त्यात आईचा एकही कागद नव्हता. हा काही सरकारी पुरावा नव्हे. पण माझ्या आईने शपथ घ्यावी की नाही, यासाठी मला तो पुरे होता.

नोटरीने प्रतिज्ञापत्र आईला कोकणीत वाचून दाखवलं, खोटं ठरलं तर काय शिक्षा होते त्या ओळीसकट. आईने विचारलं, "हें हांवें आदींच बरोवन दिवपाक जाय आशिल्लें?" हे मी आधीच लिहून द्यायला हवं होतं का? आधी कुणी मागितलं नव्हतं, म्हणून दिलं नव्हतं, एवढंच मी तिला सांगू शकले. तिने सही केली, पूर्ण नाव, सावकाश.

याच दिवसांत, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मतदारयादीचं विशेष सखोल पुनरीक्षण गोव्यात सुरू झालं. आमच्या वाड्यावरच्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर यादीचं काम बघणाऱ्या अधिकारी, बाई शिक्षिका आहेत. शाळा सुटली की संध्याकाळी गणना फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरायच्या, रात्री मोबाइलवर ते चढवायच्या. २००२ च्या यादीत आपलं किंवा आईवडिलांचं नाव दाखवता आलं तर कागद लागत नव्हते. न दाखवता आलं तर जन्मसालाप्रमाणे: १ जुलै १९८७ पूर्वीचा असेल तर स्वतःचा एक पुरावा, त्यानंतर डिसेंबर २००४ पर्यंतचा असेल तर आईवडिलांपैकी एकाचाही, त्यापुढचा असेल तर दोघांचेही.

हे टप्पे निवडणूक आयोगाने हवेतून काढलेले नाहीत. नागरिकत्वाच्या कायद्यातच ते आहेत आणि आमच्या एका घरात सगळे नांदतात. आई १९६२ च्या आदेशाने नागरिक. मी १९७५ ची, भारतात जन्मले एवढंच पुरे, आईवडील कोण हे कायदा विचारत नाही. माझा मुलगा २००२ चा, त्याच्यासाठी आमच्या दोघांपैकी एक तरी भारतीय असायला हवा. भावाची मुलगी २००९ ची, तिच्यासाठी आईवडील दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. जेवायला एका रांगेत बसणाऱ्या चौघांना चार वेगवेगळे नियम. प्रत्येक पिढीगणिक पुरावा मागच्या पिढीकडे सरकत जातो. म्हणून मी आता ज्याला-त्याला सांगते, म्हाताऱ्यांचे कागद आत्ता काढा. त्यांना साल आठवतंय, गाव आठवतंय, पुस्तकं अजून उघडता येतात. आपल्या नातवंडाला ते लागणार आहेत.

२००२ च्या यादीत आईचं नाव मिळालं, वडिलांसह. बीएलओ बाईंच्या फॉर्मवर खाली जाहीर करायची ओळ असते, खोटं लिहिलं तर वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो अशी. आईने तीही मला मोठ्याने वाचायला लावली.

त्यात मामाचा विषय निघाला. डिचोलीच्या यादीत त्याचं नाव अजून होतं. घराला कुलूप, त्यामुळे फॉर्म कुणी भरून न दिल्यास ते आपोआप गळलं असतंच. पण मामाने फोनवर स्वतःहून सांगितलं, तिथल्या बीएलओला गाठ आणि सांग की मी आता भारताचा नागरिक नाही, नाव काढा. तो हे बोलला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. डिचोलीच्या एकाच शाळेतल्या मतदान केंद्रावर त्याने कितीतरी निवडणुकांत पोलिंग एजंट म्हणून दिवस काढले आहेत. मी गेले, सांगितलं. राज्यघटनेच्या ५१क कलमात आपली मूलभूत कर्तव्यं दिलेली आहेत, दहा १९७६ मध्ये आली, अकरावं २००२ मध्ये. मी शाळेत ती पाठ केली होती. ध्वजाचा मान, स्वातंत्र्यलढ्याचे आदर्श, सार्वजनिक मालमत्ता. आपला हक्क संपला तिथे आपलं नाव आपणच काढायला सांगणं हे त्या यादीत नाही. माझ्या मते ते त्याच तोडीचं आहे, आणि मामाने ते नागरिक नसताना पाळलं.

प्रतिज्ञापत्र जमा केल्यावर फाइल पुढे सरकली. पोलिस पडताळणीला पेडणे ठाण्याचा तरुण शिपाई आला, टॅब घेऊन. आईचा फोटो काढला, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. काकांना विचारलं, या कधी परदेशी राहिल्यात का? काका म्हणाले, ही बाई कधी पत्रादेवीच्या सीमेपलीकडे गेली तर ती बांद्याच्या बाजारात. शिपाई हसला. पत्रादेवीचं नाव निघालं तशी आईने त्याला विचारलं, तिथे काय झालं होतं ठाऊक आहे का? १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही तिथे सीमा ओलांडायला निघाले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आई तेव्हा तीन वर्षांची. हे तिने आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. त्या मुलाला स्मारक माहीत होतं, ती हकिगत नव्हती. चहा होईपर्यंत आईने ती त्याला सांगितली.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला. आईने पोस्टमनसमोरच लिफाफा फोडायला लावला, जन्मस्थान बघितलं, नाव बघितलं, आणि तो कपाटात आजोबांच्या सहीच्या नकलेशेजारी ठेवून दिला.

आता व्हिसाचा अर्ज चालू आहे. त्या फॉर्मवर सध्याचं राष्ट्रीयत्व विचारतात आणि लगेच पुढे, याआधी दुसऱ्या कुठल्या देशाचं राष्ट्रीयत्व होतं का, असेल तर कधीपासून कधीपर्यंत. मी थांबले. भारतीय फॉर्मवर, प्रतिज्ञापत्रावर, सगळीकडे आम्ही 'घेतलेलं नाही' असं लिहून दिलं होतं आणि ते खरंच आहे. पण इथे प्रश्न 'होतं का' असा होता. ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, जे आहे ते लिहा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती. देश: पोर्तुगाल. कधीपासून: जन्मतारीख. कधीपर्यंत: २० डिसेंबर १९६१. कारण लिहायला जागा होती, तिथे १९६२ च्या आदेशाचं पूर्ण नाव टाकलं आणि सोबत त्याची प्रत जोडली. पणजीच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.